बारशिंगा आणि गवताचे रान

वन्य प्राण्यांची संख्या घटू लागली की प्रथम शिकारी आणि वाघ यांच्याकडे बोट दाखविले जाते. मध्य प्रदेशातील कान्हा येथील बारशिंग्यांच्या अभ्यासाने मात्र अशा ऱ्हासाचे मूळ गवतात आणि गुरांच्या आरोग्यातही शोधावे लागते, हे दाखवून दिले आहे.

कठीण जमिनीवर वावरणारा बारशिंगा एके काळी मध्य भारताच्या विस्तृत प्रदेशात आढळे. कान्हा परिसरात १९३८ च्या सुमारास त्यांची संख्या अंदाजे ३,००० होती. १९७० मध्ये ती अवघ्या ६६ वर आली. तोपर्यंत अन्यत्र हा प्राणी नामशेष झालेला होता.

संशोधनाने काय दाखविले?

डॉ. जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हा येथे हरणे व वाघ यांचा अभ्यास केला. पुढे क्लॉद मार्टिन यांनी बारशिंग्यांचेच विशेष संशोधन केले. चितळ गवताबरोबर झाडपालाही खातो. बारशिंग्याची गुजराण मात्र जवळजवळ सर्वस्वी गवतावर होते. सुमारे आठ महिन्यांच्या गर्भधारणेनंतर मादीला बहुधा एकच पाडस होते. जन्मानंतरचे काही दिवस ते उंच गवतात दडून राहते. गुरांची चराई आणि दरवर्षीचे वणवे यांमुळे असे गवत उरले नाही, तर पाडसाचा आसराच नाहीसा होतो. वाघांचे भक्ष्य होणे आणि शिकार यांची त्यात भर पडली. जनावरांत गर्भपात घडविणाऱ्या ब्रुसेलोसिस या रोगामुळे प्रजनन मंदावले असावे, अशीही शक्यता शॅलर यांनी वर्तविली होती.

उपाय व त्यांची किंमत

सत्तरीच्या दशकात काही कुरणांना कुंपण घालून बारशिंग्यांना संरक्षित क्षेत्र देण्यात आले. वणव्यांवर नियंत्रण आले. उद्यानातील काही गावे हलविण्यात आली आणि त्यांच्या मोकळ्या जमिनींवर गवताची कुरणे तयार झाली. हळूहळू कळप वाढले. कान्हातील बारशिंगे २०१५ पासून सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणि २०२३ मध्ये बांधवगड येथे नेण्यात आले. एकाच ठिकाणी साथ पसरली तर संपूर्ण जातीच नष्ट होण्याचा धोका असतो. तो यामुळे कमी झाला. तथापि या यशाचा भार आपली गावे सोडणाऱ्या बैगा व गोंड कुटुंबांनीही उचलला आहे, याचे विस्मरण होता कामा नये.

ग्रामपंचायतींचे कर्तव्य

लाळ्या खुरकत व ब्रुसेलोसिस हे रोग गुरांकडून वन्य प्राण्यांकडे व त्यांच्याकडून पुन्हा गुरांकडे जाऊ शकतात. ब्रुसेलोसिसची बाधा तर माणसालाही होते. वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यातील व त्याच्या पाच किलोमीटर परिघातील पाळीव जनावरांना संसर्गजन्य रोगांविरुद्ध लस टोचण्याची तरतूद आहे. केंद्र शासनाच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात लाळ्या खुरकतीबरोबरच चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना ब्रुसेलोसिसची लस देण्याची योजना आहे.

वनालगतच्या गावांत लसीकरणाच्या दिवशी एकही जनावर वगळले जाऊ नये, गर्भपात झालेल्या जनावराची माहिती पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ द्यावी आणि मृत वार उघड्यावर टाकू नये. शिक्षकांनी ही माहिती मुलांमार्फत घरोघरी पोहोचवावी. गोठा निरोगी राहिला तर त्याचा लाभ शेतकऱ्याला होतोच. रानातील पाडसालाही होतो.