पडदा कोणासाठी?
(गृहशास्त्र व विज्ञान : इयत्ता ८ वी ते १० वी, तसेच पालकांसाठी)



दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगरंगोटी होते आणि नव्या पडद्यांचा विषय निघतो. आपण दुकानात जातो, सोफ्याशी रंग जुळतो का ते पाहतो, भाव करतो आणि कापड घेऊन येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरीही असेच झाले. सासूबाईंच्या खोलीला पश्चिमेकडे एक खिडकी आहे. त्या खिडकीला आम्ही गडद तांबडा, चांगला जाड आणि महागाचा पडदा लावला. पाहुण्यांनी कौतुक केले. मे महिना आला तेव्हा मात्र ती खोली रात्री अकरापर्यंत तापलेली राहू लागली. सासूबाई एकदा म्हणाल्याही, "अगं, हा पडदा लावलास की भट्टीला झाकण घातलंस?" आम्ही ते हसण्यावारी नेले. चार दिवसांनी संध्याकाळी त्यांना भोवळ आली. डॉक्टरांनी तपासले आणि औषधाआधी एकच गोष्ट सांगितली, "आधी यांची खोली थंड करा."

पडदा निवडताना आम्ही पाहुण्यांचा विचार केला होता. त्या खोलीत दिवसभर राहणाऱ्या माणसाचा विचार केला नव्हता. आजचा पाठ त्या चुकीतून निघाला आहे.

१. आधी दिशा पाहा

ग्वाल्हेर सुमारे २६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २१ जूनला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून सुमारे ८७ अंशांवर असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तोच दुपारी फक्त ४० अंशांपर्यंत चढतो.

आता दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा आहे असे समजा. जूनच्या दुपारी त्याची सावली पूर्ण खिडकी झाकते. डिसेंबरमध्ये सावली छज्जाखाली २ × टॅन ४०° म्हणजे सुमारे १.७ फूटच उतरते आणि उरलेल्या भागातून ऊन आत येते. आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीत ते हवेच असते. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला सहज बाजूला सरणारा साधा सुती पडदा पुरतो.

पश्चिमेची गोष्ट वेगळी. जूनमध्ये सायंकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २६ अंशच वर असतो. तोच दोन फुटांचा छज्जा तेव्हा जेमतेम एक फूट सावली देतो. बाकी ऊन सरळ पलंगापर्यंत पोहोचते. उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर मंद, सारखा उजेड येतो. अभ्यासाचे टेबल तिथे ठेवावे आणि तिला पातळ पडदा लावावा. पूर्वेचे ऊन सकाळी लवकर येते. रात्रपाळी करून सकाळी झोपणारे कोणी त्या खोलीत असेल, तरच तिथे जाड पडद्याची गरज आहे.

२. ऊन काचेच्या बाहेरच अडवा

मे महिन्यात सायंकाळी चारच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण ५०० वॅट इतके ऊन पडते. चार फूट लांब-रुंद खिडकीचे क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस मीटर असते. म्हणजे त्या खिडकीतून एका लहान हीटरइतकी उष्णता खोलीत येत असते.

काचेतून प्रकाश सहज आत येतो. तो गडद पडद्यावर पडला की पडदा तापतो. तापलेल्या पडद्याची उष्णता काचेतून तशी सहज बाहेर जाऊ शकत नाही, ती खोलीतच पसरते. आमच्या तांबड्या पडद्याने खोलीत अंधार केला, पण उष्णता आतच ठेवली. पडदा आतूनच लावायचा असेल, तर काचेकडच्या बाजूला पांढरे अस्तर द्यावे. ते थोडा प्रकाश आल्या वाटेने परत पाठवते.

याहून चांगला उपाय म्हणजे बाहेरून लावलेला चिकाचा पडदा. बांबूच्या कामट्यांचा चीक स्वतः तापतो, पण ती उष्णता बाहेरची हवा घेऊन जाते. लष्करातल्या जुन्या घरांच्या लाकडी झडपा हेच काम करीत. हजिऱ्यातील महंमद घौस यांच्या मकबऱ्यावरच्या सोळाव्या शतकातील दगडी जाळ्या आठवा. त्यांतही ऊन बाहेर अडते आणि वारा आत येतो.

३. वाळ्याच्या ताट्या

आपल्या आजी-आजोबांनी वाळ्याच्या ताट्या पाहिल्या आहेत. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते. एक लिटर पाण्याच्या वाफेसाठी सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. लू वाहत असताना हवा अतिशय कोरडी असते, म्हणून ओल्या ताटीतून आलेला वारा गार लागतो. पावसाळ्यात हवाच दमट असते, त्यामुळे तेव्हा ताटीचा उपयोग होत नाही. आपला कूलरही याच तत्त्वावर चालतो. म्हणूनच कूलर चालू असताना समोरची एक खिडकी थोडी उघडी हवी आणि तिच्यावर जाड पडदा ओढलेला नसावा. हवा बाहेर गेली नाही तर खोली दमट होते.

४. आडोसा दिवसाचा आणि रात्रीचा

दिवसा बाहेर उजेड जास्त असतो, म्हणून चिकातून किंवा जाळीच्या पडद्यातून आपल्याला रस्ता दिसतो आणि रस्त्यावरच्याला आपण दिसत नाही. रात्री दिवा लागला की हे नेमके उलटे होते. रस्त्याकडच्या खोलीला म्हणून दोन पडदे असावेत, दिवसासाठी पातळ आणि रात्रीसाठी दाट. घरातल्या मुलींना आणि बायकांना खोलीत निर्धास्तपणे वावरता येणे ही चैनीची बाब नाही.

५. मापाचे गणित

चार फूट रुंद व चार फूट उंच खिडकीसाठी ४८ इंच पन्ह्याचे कापड किती लागेल?

रॉड दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त : एकूण रुंदी ५ फूट.
पातळ कापडाला चुण्यांसाठी दुप्पट रुंदी : १० फूट म्हणजे १२० इंच.
१२० ÷ ४८ = २.५, म्हणजे ३ तुकडे.
प्रत्येक तुकड्याची लांबी : ४८ + वर ४ + खाली ६ + दुमडीसाठी ८ = ६६ इंच.
एकूण : ३ × ६६ = १९८ इंच म्हणजे सुमारे ५.०३ मीटर.

सुती कापड आटते, म्हणून सव्वापाच मीटर घ्यावे आणि धुऊन मगच बेतावे. जाड कापडाला दीडपट रुंदी पुरते. नवे कापड घ्यायलाच हवे असेही नाही. जुनी सुती साडी किंवा चादर उत्तम पडदा होते, शिवाय ती दर महिन्याला घरी धुता येते. धुळीचा दमा असलेल्या मुलाच्या खोलीत जड, क्वचितच धुतले जाणारे पडदे लावू नयेत.

६. दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट दोरीची. गुंडाळायच्या पडद्यांना लोंबती दोरी किंवा साखळी असते. लहान मुलाच्या गळ्यात तिचा फास बसून जीव गेल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. दोरी मोठ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर खुंटीला गुंडाळून ठेवा. मुलाचा पाळणा किंवा पलंग त्या खिडकीखाली ठेवू नका.

दुसरी गोष्ट आगीची. गॅसजवळ आणि देवघराच्या समईजवळ उडणारा पडदा नको. कृत्रिम धाग्याचे कापड पेटले की वितळून अंगाला चिकटते. स्वयंपाकघरात खिडकीच्या खालच्या निम्म्या भागापुरता, दोन्ही टोकांना बांधलेला आखूड पडदा पुष्कळ झाला.

शेवटी

आम्ही तो तांबडा पडदा उतरवून बैठकीत लावला. सासूबाईंच्या खिडकीला बाहेरून चीक बांधला आणि आतून त्यांच्याच एका जुन्या पांढऱ्या साडीचा पडदा शिवला. दोन्ही मिळून खर्च पहिल्या पडद्याच्या निम्माही आला नाही. खोली काही काश्मीर झाली नाही, पण रात्री नऊपर्यंत निवू लागली आणि सासूबाईंना पुन्हा शांत झोप लागू लागली. दुपारी चिकाआडून त्या रस्ता न्याहाळत बसत. कोणाकडे कोण आले याची खबर आम्हाला त्यांच्याकडूनच मिळे.

स्वाध्याय

१. घरातील प्रत्येक खिडकीची दिशा, माप आणि त्या खोलीत सर्वांत जास्त वेळ कोण असते, याचा तक्ता करा.
२. उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीला एक दिवस फक्त आतून पडदा लावा व दुसऱ्या दिवशी बाहेरून चादर बांधा. दोन्ही दिवशी सायंकाळी सहा वाजता खोलीच्या मध्यभागी, उन्हापासून दूर तापमापक ठेवून नोंद घ्या. बाहेरचे तापमानही लिहा, नाहीतर तुलना बरोबर होणार नाही.
३. आपल्या शाळेत कोणत्या वर्गांत दुपारी फळ्यावर ऊन येते ते पाहा. त्या खिडक्यांची मापे घेऊन चिकांचा अंदाजे खर्च काढा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शाळेच्या विश्वस्त मंडळापुढे ठेवण्याचा विचार आहे. तेव्हा मापे चोख घ्या. आणि पालकहो, या दिवाळीत दुकानात जाण्यापूर्वी एक दुपार घरातल्या सर्वांत तापणाऱ्या खोलीत बसून पाहा. कोणता पडदा हवा, ते तिथेच कळेल.