पडद्यामागचा दोष

रोगाचे निदान न करता औषध देणारा वैद्य आणि दोष न शोधता यंत्राचे भाग बदलणारा कारागीर हे दोघेही सारखेच. दैवयोगाने गुण आला तर आला. एरवी पैसा जातो आणि दुखणे मात्र राहते. जो दोष सदोदित दिसतो, तो शोधणे त्या मानाने सोपे असते. परंतु जो घटकेत दिसतो आणि घटकेत नाहीसा होतो, तो धरावयाचा म्हणजे शोधकाच्या धीराची कसोटीच लागते.

अकोला शहरातील एका कुटुंबावर असाच प्रसंग आला. त्या घरातील आई घरच्या संगणकावर टंकलेखनाची कामे करीत असे. संसाराचा बराचसा भार त्या मिळकतीवर होता. चैत्र महिन्यात त्या संगणकाच्या पडद्यावर एकाएकी रंगीबेरंगी चौकटी उमटू लागल्या. अक्षरे मध्येच तुटत, आडव्या रेघा थरथरत आणि हातचे काम थांबवावे लागे. संगणक बंद करून पुन्हा चालू केला, की काही काळ सारे ठीक दिसे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच व्यथा! दुरुस्ती करणाऱ्यास बोलावले. त्याने उभ्याउभ्याच सांगितले, "ताई, पडदा गेला. नवा घ्या." घरात पैसे होते, परंतु ते थोरल्या मुलीच्या पुढील वर्षाच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते.

मुलगी तेरा वर्षांची होती. ती म्हणाली, "आई, मला पंधरा दिवस दे. पडदाच बिघडला आहे, हे आधी ठरू दे. मग नवा घेऊ."

पडद्यावरचे चित्र पडद्यात जन्मत नाही, ही गोष्ट तिला शाळेत कळली होती. आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असलेल्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन रंग असतात आणि सामान्यतः सेकंदाला ६० वेळा हे सारे चित्र नव्याने रेखाटले जाते. चित्र तयार करण्याचे काम संगणकाच्या पेटीतील ग्राफिक्स विभाग करतो. त्याच्याकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावलीस 'ड्रायव्हर' म्हणतात. तयार झालेले चित्र केबलमधून पडद्याकडे येते. म्हणजे ड्रायव्हर, ग्राफिक्स विभाग, केबल आणि पडदा अशा चार ठिकाणी दोष दडलेला असू शकतो. पडदा या साखळीतील शेवटचा असल्यामुळे इतरांचा अपराध पुष्कळदा त्याच्याच माथी येतो.

मुलीने प्रथम एक वही केली. चौकटी केव्हा दिसल्या, त्या वेळी कोणते काम चालू होते आणि संगणक किती वेळ चालू होता, हे ती लिहू लागली. अशा नोंदीचे महत्त्व फार मोठे आहे. ९ सप्टेंबर १९४७ या दिवशी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क-२' नावाच्या अवाढव्य गणनयंत्रात बिघाड झाला. शोध करता करता एका विद्युत्-कळीत अडकलेला पतंग सापडला. तेथील मंडळींनी तो कीटक चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून शेजारी टिपण लिहिले. ते पान आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. घाईत पतंग फेकून दिला असता, तर त्या बिघाडाची गोष्ट आज कोणास ठाऊक असती?

पाच दिवसांच्या नोंदींवरून एक गोष्ट स्पष्ट झाली. सकाळी चौकटी एकदाही उमटल्या नव्हत्या. त्या दुपारी एक ते चारच्या दरम्यानच, आणि संगणक तासभर चालल्यावर दिसत होत्या.

आता परीक्षेस प्रारंभ झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, असा तिने नियम केला. कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही. पडद्याच्या कडेची कळ दाबली, की उजेड कमीजास्त करण्याची एक यादी उमटते. ती यादी संगणक धाडीत नाही. पडदा स्वतःच काढतो. चौकटी दिसत असताना मुलीने ती यादी उघडली. भोवतालचे चित्र तुटलेले होते, पण यादी मात्र स्वच्छ! पडद्यावरचा संशय निम्मा फिटला. पुढे तिने शेजाऱ्यांची केबल जोडून पाहिली. चौकटी तशाच राहिल्या. मग तिने पडद्यावरील दृश्याचे चित्र संगणकातच साठविले आणि ते शेजाऱ्यांच्या संगणकावर उघडले. त्या चित्रातही चौकटी होत्या. म्हणजे केबलपर्यंत येण्यापूर्वीच चित्र बिघडत होते. पडदा आणि केबल हे दोघेही निर्दोष ठरले!

उरले दोघे. वडिलांच्या साहाय्याने तिने ड्रायव्हर काढून त्याची नवी आवृत्ती बसविली. त्या संध्याकाळी पडदा निर्मळ राहिला. धाकटा भाऊ टाळ्या पिटू लागला, "ताई, जमलं!" ती म्हणाली, "संध्याकाळी तो कधीच बिघडत नव्हता. दुपार होऊ दे." दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता चौकटी पुन्हा हजर झाल्या. जो दोष ठरावीक वेळी येतो, तो गेला की नाही हे त्याच वेळी पाहावे लागते.

दुपारीच असे काय होते? अकोल्यात चैत्र-वैशाखाच्या दुपारी पारा ४० अंशांच्या वर चढणे ही नवलाची गोष्ट नाही. त्यातच संगणकाची पेटी मेजाच्या बंद खणात ठेवलेली होती. पेटीला हात लावताच चटका बसला. वडिलांनी संगणक बंद केला, वीजजोड काढला, पेटी निवू दिली आणि मग तिची बाजू उघडली. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यावर धूळ व कापसाचे तंतू यांचा जाड थर बसला होता. हवा खेळत नसल्यामुळे कार्ड तापत होते, आणि अति तापलेले कार्ड चुकीचे चित्र पाठवीत होते.

पंखा बोटाने स्थिर धरून मऊ कुंचल्याने धूळ झाडली. पेटी खणाबाहेर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवली. अशी कामे मुलांनी वडील माणसांच्या देखतच करावीत. पडद्याची पेटी तर कोणीही घरी उघडू नये; जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यात वीज तोडल्यावरही घातक विद्युत्-दाब शिल्लक राहू शकतो.

त्यानंतर सलग पाच दुपारी मुलगी वही घेऊन बसली. पाचही दिवस एकच नोंद झाली : 'चौकटी नाहीत.' सहाव्या दिवशी आईने थांबलेले काम पुन्हा हाती घेतले आणि बाजूला ठेवलेले पैसे फीसाठीच राहिले.

दुरुस्ती करणारा खोटे बोलला नव्हता. त्याने केवळ जे दिसले त्यावर विश्वास ठेवला. मुलीने जे दिसले त्याला प्रश्न विचारले. दोष जेथे दिसतो तेथेच तो असतो असे नाही, हे जाणून जो शांतपणे एकेक वाट तपासतो, त्याचे श्रम, पैसा आणि वेळ वाया जात नाहीत.

अभ्यास

१. पडद्यावरचा संशय मुलीने कोणत्या दोन परीक्षांनी दूर केला?
२. "दुपार होऊ दे" असे मुलगी का म्हणाली?
३. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम का आवश्यक आहे? तुमच्या अनुभवातील एक उदाहरण द्या.
४. तुमच्या घरातील एखाद्या वारंवार बिघडणाऱ्या वस्तूची आठ दिवसांची नोंद ठेवा व तीवरून निघणारे अनुमान लिहा.