दव, ठिणगी आणि माकडं

चंडीगडला ऑक्टोबरात व्हरांडा सजवायचा बेत निघाला की पहिल्यांदा कोणीतरी मोबाइलवर चित्रं दाखवतं: लालपिवळ्या पानांची तोरणं, पायरीवर कोरलेले भोपळे, दाराशी मक्याच्या कणसांची जुडी. ती चित्रं इथल्या हवेची नाहीत. इथली पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा पिलखन आणि कुसुमाच्या पानांनी रस्ते भरतात आणि झाडणाऱ्यांच्या नाकी नऊ येतात. ऑक्टोबरात झाडं हिरवीगार असतात आणि संध्याकाळी सप्तपर्णीचा वास डोक्यात चढतो. मग लाल पानं कुठून आणायची? प्लास्टिकची. तेवढ्या पैशांत सेक्टर २६च्या मंडीतून सकाळी सकाळी पिशवीभर सुटा झेंडू येतो. मात्र दसरा-दिवाळीच्या आदल्या दिवशी तिथे जाऊ नका. भाव ऐकूनच परत फिराल.

या दिवसांत फुकट मिळणारी खरी गोष्ट म्हणजे सरकंडा. पावसाळा संपता संपता पटियाला की राव आणि सुखना चो या पावसाळी ओढ्यांच्या कडेला त्याचे उसाच्या तुऱ्यासारखे रुपेरी तुरे डोलायला लागतात. ‘पंपास ग्रास’ म्हणून दुकानात महागात विकतात त्याचा हा गावठी भाऊ. एक सूचना आधीच देते: सुखना अभयारण्याच्या हद्दीतून काहीही तोडायचं नाही. खुड्डा लाहौरा, कैंबवाला अशा गावांकडे शेताच्या बांधावर भरपूर असतो. शेतकऱ्याला विचारलं तर तो विळाही देतो.

आम्ही पहिल्या वर्षी तुरे आणले ते पूर्ण फुललेले, कारण तेच देखणे दिसत होते. मातीच्या उभ्या मडक्यात खोवून दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवले, आणि दोनच दिवसांत घरभर पांढरी म्हातारी उडायला लागली. पडद्यांवर, कणकेत, सासऱ्यांच्या चष्म्यावर. त्यांना दमा आहे, त्यामुळे मडकी तातडीने अंगणात गेली. तुरा नुकता बाहेर डोकावत असतो, जांभळट आणि मिटलेला, तेव्हाच कापायचा. मग आठवडाभर सावलीत उलटा टांगायचा आणि पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल फवारायचा. असा तुरा हिवाळाभर टिकतो आणि कुणाला शिंका आणत नाही. घरात दम्याचा माणूस असेल तर मात्र तो अंगणातच बरा.

याहून मोठा धडा दिवाळीत मिळाला. आवारातली मुलं अनार लावत होती, आमच्या दारापासून चांगली लांब. वाऱ्याने एक ठिणगी आली आणि तुऱ्यात शिरली. वाळलेलं गवत पेटताना फारसा आवाज करत नाही हे तेव्हा कळलं. फक्त उजेड वाढतो. शेजारच्या आंटीजींनी कुंड्यांना घालायची पाण्याची बादली उचलून ओतली म्हणून वरच्या जाळीच्या दारापर्यंत ज्वाळा गेल्या नाहीत. भिंतीवर काळा पट्टा मात्र राहिला. तेव्हापासून धनत्रयोदशीच्या सकाळी सगळं गवत, पेंढा आणि कागद आत जातो आणि पणत्या बाहेर येतात. दोन्ही एकत्र नाहीत, अगदी ‘लांब ठेवलंय’ म्हणूनही नाहीत. पणत्या आधी दोन-तीन तास पाण्यात भिजवून ठेवा, म्हणजे तेल कमी पितात. मांडायच्या त्या वाळू पसरलेल्या परातीत.

आता दवाचं. महाराष्ट्रातून आलेल्यांना याचा अंदाज नसतो. दिवाळीच्या सुमारास इथे पहाटे व्हरांड्याची फरशी ओली होते आणि गाड्यांच्या काचा निथळतात. आकाशकंदील इथे हवा तसा मिळत नाही, म्हणून घरीच करायचा. कामट्या मिळतात, आणि पतंगी कागद तर पंजाबात लागेल तेवढा मिळतो. आमचा गुलाबी कंदील दिमाखात लागला. सकाळी त्याचा कागद कामट्यांना चिकटलेल्या लगद्यासारखा झाला होता आणि रंग ओघळून पांढऱ्या भिंतीवर आला होता. घर भाड्याचं. रंगाच्या एका हातासाठी जे पैसे गेले त्यात कापडाचे चार कंदील झाले असते. म्हणून सांगते, सांगाड्यावर जुनी ओढणी किंवा विरलेली साडी ताणून शिवा. आत एलईडीच लावा. साधा बल्ब तापतो. कागदाचाच हट्ट असेल तर कंदील पणत्या बाहेर येईपर्यंतच लावा आणि रोज रात्री जेवणं झाली की उतरवून आत घ्या. खळ वापरणार असाल तर तीत चिमूटभर मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, त्याने झुरळं कागद कुरतडत नाहीत. पण ते विषारी आहे. लहान मुलं मदतीला असतील तर तयार गोंद बरा.

दवात काय टिकतं याचं उत्तर याच गावात आहे. नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे आणि विजेचे जुने स्विच वापरून रॉक गार्डन उभारली. १९७६ साली ती लोकांसाठी उघडली आणि इतके पावसाळे झेलून अजून उभी आहे. भाजलेली माती आणि काच यांना दवाचं काही वाटत नाही. त्यामुळे मी पैसे घालते ते मातीच्या मडक्यांत: गेरू लावायचा, त्यावर चुन्याने चार ठिपके आणि एक वेल. फुटक्या बांगड्या माळ्यावर जपून ठेवलेल्या असतातच. ओल्या मातीच्या थापीत त्या दाबल्या, तर सूर्य कलल्यावर चमकतात. नवरात्रात आंटीजी भिंतीवर मातीची सांझी, म्हणजे देवीची आकृती, लावतात. तिच्या चांदण्या करताना शेजारी बसलात तर हा हात आपोआप बसतो.

टांगायचं कुठे, हाही प्रश्न असतो. जुन्या सरकारी घरांना विटांची जाळी असते. वास्तुरचनाकार पिअर जाँनरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊन अडवून वारा आत येण्यासाठी ती योजली. तिच्या भोकांतून सुतळी ओवली की खिळा ठोकावा लागत नाही. नवीन कोठ्यांत टाइल असते, तिथे चिकटपट्टी लावू नका. ती दवाने रात्रीत सुटते आणि तोरण पायात येतं. दाराच्या चौकटीवर आडवा बांबू दोरीने बांधा, तोच पुढे वर्षानुवर्षं चालतो. आंब्याची पानं न मिळाल्यास इथले लोक अशोकाची वापरतात, आणि ती खरंच जास्त दिवस ताठ राहतात. आपट्यासाठी मात्र रस्त्याकडेच्या कांचनावर हात टाकू नका. ती झाडं सगळ्यांची आहेत. कुणाच्या अंगणात असेल तर मागून घ्या.

राहिली माकडं. सेक्टर १४ आणि विद्यापीठाच्या आसपास राहत असाल तर कणसं, केळीचे खांब आणि कोरलेला भोपळा यांचा नाद सोडा. कोरलेला भोपळा माकडांनी नाही नेला तरी तीन-चार दिवसांत आतून बुळबुळीत होऊन माश्या धरतो. अख्खा, देठासकट घेतलेला लाल भोपळा मात्र गवताच्या चुंबळीवर (पणत्या आल्या की तीही आत घ्यायची) ठेवला तर महिनाभर सहज राहतो. देठ तुटला की तिथूनच सडतो, म्हणून उचलताना देठाला धरायचं नाही. भोवती झेंडूची सुटी फुलं टाका, संपलं. माकडं येतात, वास घेतात आणि बहुधा निघून जातात. दिवाळी उलटली की त्याचे घारगे करा. भोपळा किसून गुळात शिजवायचा, मावेल तेवढीच कणीक घालायची आणि पाणी अजिबात घालायचं नाही. आंटीजींना घारगे आवडतात. अर्धा भोपळा त्या आंबटगोड भाजीसाठी आधीच मागून ठेवतात.