भरतीचे कार्ड आणि रोजची गोळी

सिंदी आणि आसपासच्या खेड्यांतील रुग्णांशी बोलताना एक वाक्य मला हल्ली सारखे ऐकू येते : "कार्ड हाये ना डॉक्टरसाहेब, भरती झालो का सारं फुकट होते." हे कार्ड महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. वाक्य चुकीचे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे ठाऊक नसल्याने माणसे लकव्यापर्यंत पोचतात, म्हणून आज त्याविषयी.

ही योजना जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली, २०१७ मध्ये नाव बदलले. प्रारंभी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेपुरती असलेली योजना जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी सांगड घालून आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस यांसाठी पूर्वी लोक वावर विकत. त्यांना हा मोठाच आधार आहे, यात वाद नाही.

परंतु यादीतला आजार आणि यादीतले रुग्णालय असेल तरच हे संरक्षण लागू होते. सुटी झाल्यावर दहा दिवसांपर्यंतची औषधे त्यात धरलेली असतात. अकराव्या दिवसाच्या गोळीचे काय? रक्तदाबाची गोळी तर जन्मभराची!

याच जिल्ह्यात या प्रश्नाचा वेगळा विचार पूर्वी झालेला आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातील डॉ. उल्हास जाजू यांनी खेड्यांत ज्वारीच्या वर्गणीवर आरोग्य विमा उभा केला. हंगामात ज्वारी निघाली की कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीन जास्त त्याची वर्गणी जास्त. गावातील बहुतेक घरे सामील झाली तरच गाव घ्यायचे, अशी अट होती. मोजकी आजारी घरेच आली तर विमा टिकत नाही, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. त्या वर्गणीवर गावातला आरोग्यसेवक काम करी, रुग्णालयाचे पथक गावात येई आणि अचानक आलेल्या दुखण्यासाठी सेवाग्रामला मोफत भरती होता येई. अगोदर ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी, जसे मोतीबिंदू, काही पैसे भरावे लागत. गावातली तपासणी आणि दवाखान्यातली खाट एकाच दोरीला बांधलेली होती. आजच्या योजनेत खाट भक्कम झाली, दोरी मात्र सैल राहिली, असे माझे मत आहे.

ती दोरी आपणच धरायची आहे, आणि त्याची सोय सरकारने स्वतंत्रपणे केलेली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासणी व उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. त्याआधी २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम २५ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे होते : वर्धा, भंडारा, सातारा आणि सिंधुदुर्ग. म्हणजे आपण पहिल्याच तुकडीत! ठरावीक, स्वस्त व चांगली औषधे, महिन्याची गोळी एकदम, आणि नोंदीचे कार्ड, अशी त्याची पद्धत. रक्तदाब १४०/९० च्या खाली ठेवणे हे उद्दिष्ट.

तरीही पोळ्याच्या सुमारास हातात पैसा नसला की पहिली बंद होते ती गोळीच. "डोकं दुखत नाही, मंग कायले खायची?" वाचकहो, वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते, तेव्हाच तो बोलतो. त्यावेळी भरतीचे पैसे योजनेतून कदाचित मिळतील, पण उजवा हात परत मिळेलच असे नाही. कापूस वेचणाऱ्याचा तो हात असतो.

तेव्हा वय तीस झालेल्या प्रत्येकाने जवळच्या उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. गाव दूर असेल तर आशाताईंना विचारावे. गोळी सुरू झाली की दर महिन्याला न चुकता आणावी. केंद्रात ती संपली असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावे, परस्पर बंद करू नये.

आणि मोठ्या रुग्णालयात भरती व्हायची वेळ आलीच, तर शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत न्यावे. पैसे भरण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला भेटून आपला आजार यादीत आहे का, हे विचारावे. सुटीचा कागद जपून आणावा, आणि ते दहा दिवस संपण्याआधी तो आपल्या आरोग्य केंद्रात दाखवून पुढच्या महिन्याच्या गोळ्या लिहून घ्याव्यात.