शिकण्यासाठी कर्ज काढण्याआधी : कमाई आणि कर्ज यांचा हिशेब

आपल्यातला एखादा कारागीर नवा यंत्रमाग घ्यायला निघाला, तर दहा ठिकाणी चौकशी करतो. मागाची किंमत काय, रोज किती मीटर कापड निघेल, मजुरी आणि विजेचे बिल वजा जाता हाती काय उरेल, भांडवल किती वर्षांत सुटेल, हे सगळे तो बोटांवर मोजतो. हाच माणूस मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी मात्र एका शब्दावर दोन-चार लाख रुपये मोजून मोकळा होतो. "हॉस्पिटल लाइनला मरण नाही," असे कोणी सांगितले की पुरे. आम्हाला हे बरोबर वाटत नाही. तालीम ही नेक गोष्ट आहे, पण तिच्यासाठी काढलेले कर्ज हे कर्जच असते. म्हणून त्याचा हिशेब कसा मांडावा, हे आज पाहू.

उदाहरण आम्ही अमेरिकेतले घेत आहोत. त्याला दोन कारणे. एक, तेथे कोणत्या कामाला काय पगार मिळतो याचे आकडे सरकार दरवर्षी छापते, त्यामुळे अंदाजावर बोलावे लागत नाही. दुसरे, आपल्यापैकी काहींचे भाऊबंद तेथे कायमचे राहायला गेले आहेत आणि त्यांच्या मुलांपुढे हाच प्रश्न आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

अमेरिकेत दोन वर्षांची पदवी देणारी सरकारी कॉलेजे आहेत, त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात. त्यातले सर्वात जुने इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ साली निघाले. स्थानिक विद्यार्थ्याला तेथे फी कमी पडते. २०२४-२५ मध्ये ती सरासरी वर्षाला ४,०५० डॉलर होती. डॉक्टर आणि नर्स सोडून हॉस्पिटलात जी तांत्रिक कामे असतात, उदाहरणार्थ एक्स-रे काढणे, श्वासाच्या यंत्रावरील रुग्ण सांभाळणे, दातांची सफाई करणे, रक्ताचे नमुने घेणे, त्यांचे शिक्षण बहुतांशी या कॉलेजांतून मिळते.

एकाच छपराखाली दोन भाव

आता कमाई पाहू. अमेरिकी सरकारच्या मे २०२४ च्या आकड्यांप्रमाणे वर्षाची मधली कमाई (निम्म्या लोकांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) अशी होती :

डेंटल हायजिनिस्ट – ९४,२६० डॉलर
रेस्पिरेटरी थेरपिस्ट – ८०,४५० डॉलर
एक्स-रे तंत्रज्ञ – ७७,६६० डॉलर
मेडिकल असिस्टंट – ४४,२०० डॉलर
रक्ताचे नमुने घेणारे – ४३,६६० डॉलर

पाचही जण पांढरा कोट घालतात आणि पाचही "मेडिकल लाइन"मध्ये आहेत. पण वरच्या तिघांत आणि खालच्या दोघांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. कारण साधे आहे. वरची तीन कामे परवाना किंवा मान्यताप्राप्त परीक्षा यांच्या आड आहेत. शिकल्याशिवाय ती कोणाला करता येत नाहीत आणि कॉलेजात जागाही मोजक्या असतात. खालची कामे थोड्या महिन्यांच्या शिक्षणावर मिळतात, म्हणून माणसे पुष्कळ आणि भाव कमी. बाजाराचा हा नियम आपल्या व्यापाऱ्यांना नवा नाही.

खरा खर्च फीपेक्षा मोठा

व्यापारी दुकान बंद ठेवतो तेव्हा त्या दिवसाचा गल्लाही बुडाला असे धरतो. शिक्षणात हीच बाब आपण विसरतो. समजा, एक मुलगा दुकानात काम करून वर्षाला ३०,००० डॉलर मिळवतो. तो दोन वर्षे कॉलेजात बसला तर ६०,००० डॉलर बुडाले. फी ८,१०० आणि पुस्तके, गणवेश, परीक्षा यांचे ३,९०० धरले तर एकूण ७२,००० डॉलर झाले.

तो एक्स-रे तंत्रज्ञ झाला. नव्या माणसाला मधली कमाई लगेच मिळत नाही, म्हणून सुरुवात ५५,००० धरू. पहिल्यापेक्षा वर्षाला २५,००० जास्त. म्हणजे सगळे भांडवल तीन वर्षांच्या आत वसूल.

तोच मुलगा त्याच कॉलेजात, तेवढीच दोन वर्षे घालवून मेडिकल असिस्टंट झाला आणि सुरुवातीला ३७,००० मिळवू लागला, तर वाढ फक्त ७,००० ची. भांडवल सुटायला दहा वर्षांहून जास्त लागतील. तेच काम वर्षभराच्या सर्टिफिकेटवर शिकला तर निम्मा खर्च आणि निम्मा काळ. फी एक, इमारत एक, पण सौदा वेगळा.

येथे दोन गोष्टी जमेस धराव्यात. वरच्या कोर्सांना प्रवेश मिळण्याआधी जीवशास्त्र, शरीरशास्त्र असे विषय आधी पुरे करावे लागतात, त्यामुळे दोन वर्षांची पदवी पुष्कळदा तीन वर्षांवर जाते. शिवाय हॉस्पिटलातले प्रशिक्षण सहसा बिनपगारी असते आणि त्या काळात दुसरी नोकरी करणे कठीण जाते.

कर्ज किती पेलेल?

समजा १२,००० डॉलर कर्ज साडेसहा टक्क्यांनी काढले आणि दहा वर्षांत फेडले. महिन्याचा हप्ता सुमारे १३६ डॉलर बसतो, एकूण परतफेड १६,३५० च्या आसपास. वर्षाचा हप्ता १,६३५ झाला. मेडिकल असिस्टंटच्या मधल्या कमाईच्या तो चार टक्क्यांहूनही कमी आहे. हे पेलते.

आता हाच कोर्स एखाद्या महागड्या खाजगी संस्थेत केला आणि कर्ज ३०,००० झाले. हप्ता महिन्याला सुमारे ३४०, वर्षाला ४,०८८, म्हणजे कमाईच्या नऊ टक्क्यांवर. अमेरिकी सरकारने २०१४ साली केलेल्या नियमात आठ टक्क्यांची रेषा आखली होती. कर्जाचा वार्षिक हप्ता कमाईच्या आठ टक्क्यांपलीकडे गेला तर तो कोर्स संशयास्पद मानायचा. तो नियम २०१९ मध्ये रद्द झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा आणला गेला. नियमाचे काही होवो, ही रेषा कोणत्याही घरात वापरण्यासारखी आहे.

ती का आखावी लागली, त्याचे एक उदाहरण देतो. कोरिंथियन नावाची खाजगी कॉलेजांची मोठी कंपनी मेडिकल असिस्टंटसारखे कोर्स भारी फी घेऊन विकत असे. नोकरी लागण्याचे फुगवलेले आकडे दाखवल्याचे उघड झाले आणि २०१५ मध्ये ती बंद पडली. २०२२ मध्ये सरकारने तिच्या सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज माफ केले. पैसे माफ झाले, वाया गेलेली वर्षे परत आली नाहीत.

व्याजाचा प्रश्न

आपल्यासाठी हप्त्याआधी व्याजाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून आधी बिनकर्जाच्या वाटा पाहाव्यात. गरजू घरच्या मुलाला तेथे पेल ग्रँट नावाची सरकारी मदत मिळते. ती परत करावी लागत नाही. २०२४-२५ मध्ये तिची कमाल मर्यादा वर्षाला ७,३९५ डॉलर होती, म्हणजे कम्युनिटी कॉलेजच्या सरासरी फीपेक्षा जास्त. कित्येक मुले ही मदत आणि अर्धवेळ नोकरी यांवर कर्जाशिवाय निभावून नेतात.

सरकारी कर्जाचा एक प्रकार असा आहे की शिकत असताना आणि त्यानंतर सहा महिने व्याज सरकार भरते. पहिल्या वर्षी ३,५०० आणि दुसऱ्या वर्षी ४,५०० डॉलरपर्यंत ते मिळते. त्या मुदतीत फेडले तर विद्यार्थ्याला व्याज पडत नाही, कर्ज देताना कापलेले थोडे शुल्क तेवढे जाते. पण करारात व्याजाची अट असतेच. अशा करारावर सही करावी की नाही, हे आम्ही सांगणार नाही. ते आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. नातेवाइकांनी कर्ज-ए-हसना दिले तर सर्वात चांगले. मात्र तेही कागदावर घ्यावे, मुदत लिहावी. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरे बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच.

एक इशारा. पेल ग्रँट आणि ही सरकारी कर्जे तेथील नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि मोजक्या इतरांनाच मिळतात. येथून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला ती मिळत नाहीत आणि फीही स्थानिकांपेक्षा पुष्कळ जास्त पडते. "तिकडे शिकवण स्वस्त आहे" असे सांगणाऱ्या एजंटाला हे आधी विचारावे.

आपल्या गावात हाच हिशेब

एक्स-रे, लॅब आणि ऑपरेशन थिएटर यांच्या तंत्रज्ञांचे कोर्स आपल्याकडेही गल्लोगल्ली निघाले आहेत. या पेशांसाठी केंद्राने २०२१ साली स्वतंत्र कायदा केला, महाराष्ट्रात पॅरामेडिकल परिषदेचा कायदा २०११ चा आहे. तरीही पाटी लावलेली प्रत्येक संस्था मान्यताप्राप्त असतेच असे नाही. घरातले दागिने मोडण्याआधी किंवा माग विकण्याआधी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत :

१) संस्थेला मान्यता कोणाची आहे? त्या प्रमाणपत्रावर नोंदणी होते का?
२) पहिल्या वर्षी पगार काय मिळतो? हे संस्थेला नव्हे, तेथून बाहेर पडलेल्या तीन मुलांना विचारावे.
३) फी, परीक्षा, राहणे आणि बुडालेली मजुरी मिळून एकूण किती?
४) वाढीव कमाईतून ती रक्कम किती वर्षांत सुटेल?
५) वर्षाचा हप्ता कमाईच्या आठ टक्क्यांच्या आत बसतो का?
६) मुलाने कोर्स मध्येच सोडला तर किती पैसे परत मिळतील?

सहावा प्रश्न कोणी विचारत नाही. पण अर्धवट सोडलेल्या शिक्षणाचे कर्ज सर्वात जड जाते, कारण पदवी हाती नसते आणि हप्ता मात्र पुरा भरावा लागतो.

मुलांना शिकवू नका असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट, चांगला कोर्स निवडून शिकलेली एक मुलगी किंवा एक मुलगा सबंध घर वर आणतो. फक्त माग घेताना जी वही उघडता, तीच वही कॉलेजच्या दारातही उघडा, एवढीच आमची विनंती आहे. इन्शाअल्लाह, नुकसान टळेल.