नात्याचा फांसा : एका नियमाचा अर्थ

फांसे म्हटले म्हणजे पालकांच्या डोळ्यांपुढें प्रथम द्यूत उभें राहतें, आणि तें साहजिक आहे. परंतु ज्या फांशांविषयीं आम्ही आज लिहिणार आहों, त्यांत पैशाचा पण नाहीं. अमेरिकेंत १९७४ सालापासून एक निराळ्या प्रकारचा बैठा खेळ प्रसिद्धीस आला. चारपांच जण मेजाभोंवतीं बसून बोलतां बोलतां एक कथा रचतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो, आणि जेथें निकालाविषयीं संशय असेल तेथें फांसे टाकतात.

अशा बहुतेक खेळांत पात्राचें बळ व चपळता मोजितात. २०१० सालीं मार्गारेट वाइस प्रॉडक्शन्स ह्या मंडळीनें काढलेल्या ‘स्मॉलव्हिल’ खेळांत मात्र नातीं मोजिलीं आहेत. तरुण क्लार्क केंट, म्हणजे पुढें सुपरमॅन होणारा मुलगा, व त्याचा आधीं मित्र आणि मग वैरी झालेला लेक्स लूथर हीं त्यांतील पात्रें होत. प्रत्येकाच्या कागदावर कर्तव्य, कीर्ति, न्याय, प्रेम, सत्ता व सत्य हीं सहा मूल्यें आणि इतरांशीं असलेलीं नातीं लिहिलेलीं असतात. प्रत्येकापुढें ४, ६, ८, १० किंवा १२ बाजूंचा एक फांसा आणि एक वाक्य असतें.

येथें पहिली चूक होते ती ही कीं, मोठा फांसा म्हणजे मोठें प्रेम असें नवशिका समजतो. तसें नव्हे. फांसा नात्याचा गोडवा मोजीत नाहीं, त्याचें वजन मोजतो. कट्टर वैऱ्यापुढेंहि १२ बाजूंचा फांसा असूं शकतो. शिवाय क्लार्कच्या कागदावरील लेक्स आणि लेक्सच्या कागदावरील क्लार्क सारख्याच फांशाचे असतील असेंहि नाहीं.

आतां मुख्य नियम पाहूं. समजा, क्लार्कनें ‘लेक्स माझा मित्र आहे’ असें लिहून पुढें १० बाजूंचा फांसा ठेविला आहे. वाक्यास धरून वागतांना तो हा फांसा आणि एका मूल्याचा, समजा ६ बाजूंचा, फांसा टाकतो. ७ व ४ पडले, तर बेरीज ११. पण तो वाक्याच्या उलट वागला, तर त्या डावापुरते १० बाजूंचे तीन फांसे मिळतात. ९, ७, ३ व ४ पडले, तर मोठे दोन घेऊन बेरीज १६. मात्र त्यानंतर कथेच्या त्या भागापुरतें हें नातें ८ बाजूंवर उतरतें. मूळ फांसा वाढीच्या सांठ्यांत जातो, व पुढें त्यांतून पात्राचे गुण सुधारतां येतात.

तीन फांशांच्या लोभानें खेळाडू प्रत्येक वेळीं म्हणेल, “मी वाक्य मोडलें.” तें कसें ठरवावें? क्लार्क लेक्सशीं खोटें बोलला, एवढ्यावरून निर्णय होत नाहीं. लेक्सवर संकट येऊं नये म्हणून तो खोटें बोलला असेल, तर आमच्या मतें त्यानें वाक्य पाळलें. लेक्सवरचा विश्वास उडाला म्हणून बोलला असेल, तर मोडलें. म्हणून सूत्रधारानें “काय केलेंस?” एवढेंच विचारून थांबूं नये, “कां केलेंस?” हेंहि विचारावें. उत्तर देतां आलें नाहीं, तर तीन फांसे देऊं नयेत.

ह्या नियमाची खूण आपणांस घरींहि पटेल. रागाच्या भरांत मित्रास तोडून बोललेला शब्द त्या क्षणीं मोठा जोरकस असतो. पण दुसऱ्या दिवशीं त्याच मित्रापाशीं मदत मागूं गेल्यास हातांत लहान फांसा उरलेला असतो. तथापि मोडलेल्या वाक्यांतून मनुष्य कांहीं शिकतो, म्हणून वाढीचा सांठाहि आहे.

अभ्यासासाठीं एक प्रश्न देतों. थोरल्या भावाच्या कागदावर ‘धाकट्याला मी कधीं अंतर देणार नाहीं’ असें वाक्य आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीं धाकट्यानें निबंध उतरून घेण्यास त्याची वही मागितली, आणि थोरल्यानें ती दिली नाहीं. वाक्य पाळलें कीं मोडलें? विद्यार्थ्यांनीं घरीं वडील मंडळींसमवेत बसून ठरवावें. मात्र उत्तरासोबत कारण सांगावें.