जोडीदाराच्या देशात विवाह : कागदपत्रांची पूर्वतयारी

विवाहाचा मुहूर्त पंचांगात पाहता येतो. परंतु तो विवाह दोन देशांच्या दप्तरांत ग्राह्य ठरावा, यासाठी आधीपासून तजवीज करावी लागते. गोव्याचा पोर्तुगालशी जुना संबंध असल्यामुळे येथील अनेक कुटुंबांत हा प्रश्न उद्भवतो. समजा, फोंडा तालुक्यातील एक तरुणी लिस्बन येथे जाऊन तेथील नागरिकाशी विवाह करू इच्छिते. तिने कोणती कागदपत्रे जमवावीत आणि कोणत्या चुका टाळाव्यात, याचा येथे विचार केला आहे.

विवाहाचे दोन मार्ग

पहिला मार्ग त्या देशाच्या कायद्याप्रमाणे तेथील नागरी नोंदणी कार्यालयात विवाह करण्याचा. दुसरा मार्ग 'विदेशी विवाह अधिनियम, १९६९' अन्वये भारतीय वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह करण्याचा. दुसऱ्या मार्गासाठी वधूवरांपैकी किमान एक जण भारताचा नागरिक असला पाहिजे. वराचे वय २१ वर्षे व वधूचे १८ वर्षे पूर्ण असावे, दोघांपैकी कोणाचाही पूर्वीचा जोडीदार हयात नसावा आणि दोघे निषिद्ध नात्यातील नसावेत.

या मार्गाने जाणाऱ्यांनी मुदतीचा हिशेब नीट करावा. नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाने संबंधित विवाह अधिकाऱ्याच्या क्षेत्रात सलग ३० दिवस वास्तव्य केलेले असावे लागते. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी आणखी ३० दिवस जातात. जोडीदार तेथेच राहणारा असेल, तर वास्तव्याची अट त्याच्यामुळे पुरी होते. अन्यथा दोन महिन्यांहून कमी रजेत हा विवाह होणे शक्य नाही. शिवाय नोटिशीपासून सहा महिन्यांत विवाह झाला नाही, तर नवी नोटीस द्यावी लागते. विवाहसमयी तीन साक्षीदारांची आवश्यकता असते.

'अविवाहित' म्हणजे कोण ?

पोर्तुगालच्या नोंदणी कार्यालयात परदेशी व्यक्तीकडून पारपत्र, जन्मदाखला आणि विवाहास कायदेशीर अडथळा नसल्याचा दाखला मागितला जातो. हा शेवटचा दाखला कोणत्या अधिकाऱ्याचा चालेल, हे त्या कार्यालयाकडून आधी लेखी विचारून घेणे इष्ट. घटस्फोट झालेला असल्यास न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि वैधव्य आलेले असल्यास पूर्वीच्या जोडीदाराचा मृत्युदाखला जोडावा.

येथे गोव्यातील नागरिकांनी एक बाब विशेष ध्यानात ठेवावी. गोव्यात विवाहाला कायद्याचे रूप नागरी नोंदणीने येते. रजिस्ट्रारसमोर प्रथम इच्छा नोंदवावी लागते आणि ठरावीक अवधीनंतर दुसऱ्यांदा सह्या होऊन विवाह पक्का होतो. अनेक घरांत या सह्या मंगलकार्याच्या कित्येक महिने आधी उरकल्या जातात. पुढे लग्न मोडले तरी मांडवात उभे न राहिलेली ती व्यक्ती कायद्याने विवाहितच राहते. न्यायालयाकडून तो विवाह संपुष्टात आणल्याशिवाय तिने 'अविवाहित' असे प्रतिज्ञापत्र करणे म्हणजे खोटे निवेदन करणे होय आणि त्यामुळे दुसरा विवाहही धोक्यात येतो.

नावांतील तफावत

जुन्या दप्तरांत नावे पोर्तुगीज वळणाने लिहिली गेली आहेत. एकाच घराण्याचे आडनाव जन्मनोंदीत एका वर्णलेखनाने, शाळेच्या दाखल्यात दुसऱ्याने व पारपत्रात तिसऱ्याने आढळते. परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्या तीन निरनिराळ्या व्यक्ती ठरू शकतात. ही दुरुस्ती प्रवासापूर्वीच करून घ्यावी. नाव बदलावयाचे असल्यास त्यासाठी 'गोवा नाव व आडनाव बदल अधिनियम, १९९०' उपलब्ध आहे.

अ‍ॅपोस्टिल आणि भाषांतर

भारतीय दाखला परदेशात खरा मानला जावा, म्हणून त्यावर 'अ‍ॅपोस्टिल' नावाचे प्रमाणन लागते. १९६१ च्या हेग करारान्वये ही पद्धत सुरू झाली असून भारतात ती १४ जुलै २००५ पासून अमलात आहे. राज्य शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याने दाखला प्रमाणित केल्यावर परराष्ट्र व्यवहार मंत्रालयातर्फे अ‍ॅपोस्टिल लावले जाते. त्यानंतर पोर्तुगीज भाषांतर करावे, म्हणजे अ‍ॅपोस्टिलचाही मजकूर त्यात येतो. काही दाखल्यांची ग्राह्यता थोड्याच महिन्यांची असते. म्हणून ते फार आधी काढून ठेवू नयेत.

नागरिकत्व व मिळकत

लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व पत्करणारी व्यक्ती 'नागरिकत्व अधिनियम, १९५५' प्रमाणे भारताची नागरिक राहत नाही. दोघेही पोर्तुगीज नागरिक असतील, तर भारतीय वकिलातीतील विवाहाचा मार्ग त्यांना बंद होतो.

मिळकतीचा विचारही विवाहापूर्वीच करावा. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा १९६१ नंतरही चालू राहिली. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर या परंपरेनुसार पतिपत्नींची मिळकत समाईक होते. खुद्द पोर्तुगालमध्ये मात्र १९६७ साली नवी संहिता अमलात आली आणि तेव्हापासून करार नसल्यास सामान्यतः विवाहोत्तर कमाईच समाईक धरली जाते. दोन देशांतील जोडप्यास यांपैकी कोणता कायदा लागू होईल, हे राष्ट्रीयत्व व वास्तव्य यांवर अवलंबून असते. घर वा शेतजमीन नावावर असलेल्यांनी विवाहापूर्वीच वकिलाचा व नोटरीचा सल्ला घ्यावा.

विवाहानंतर

पोर्तुगीज विवाहदाखल्यावर तेथील अ‍ॅपोस्टिल घेऊन एक प्रत घरी जपून ठेवावी. १९६९ च्या अधिनियमातील अटी पुऱ्या होत असल्यास दोघांच्या लेखी अर्जावरून भारतीय विवाह अधिकाऱ्याकडेही या विवाहाची नोंद करता येते. परदेशी जोडीदारास भारताचे 'ओसीआय' कार्ड हवे असल्यास विवाह नोंदलेला असावा लागतो आणि अर्जापूर्वी तो सलग दोन वर्षे टिकलेला असावा लागतो.

पुढे वारसाहक्क, अपत्याची जन्मनोंद किंवा वैधव्य यांचा प्रसंग येतो, तेव्हा साक्षीदार दूर गेलेले असतात आणि आठवणी पुसट झालेल्या असतात. त्या वेळी कामास येतो तो वेळीच काढलेला, शिक्कामोर्तब झालेला कागद. गावातील शिक्षक व ग्रामपंचायत कर्मचारी यांनी परदेशी निघालेल्या तरुण-तरुणींना एवढी माहिती दिली, तरी पुष्कळ कुटुंबांची पुढील वणवण वाचेल.